गॉगलवाल्याचे एक्केचाळीस व्हिडिओ

३ फेब्रुवारी, मंगळवार

'सिंह व्हा' – एकवीस दिवसांचा ऑनलाइन कोर्स. जाहिरातीत फी किरकोळ. खरा खर्च असा : चिरंजीवांची सायकल (कोर्ससाठी विकली), सर्दी (सिंह गार पाण्यानेच आंघोळ करतात म्हणे), थोरल्या बहिणीशी अबोला, आणि आज शाळेतून फोन. वय वर्षं सोळा. सिंह महागात पडला.

कोर्स विकणारे सद्गृहस्थ मोबाईलमध्ये राहतात. घरातही गॉगल लावतात. बायकांना मुठीत कसं ठेवावं ते शिकवतात. स्वतःचं लग्न जमलेलं नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

शाळेत जाऊन आलो. प्रयोगशाळेत एका मुलीचं सर्किट चालेना. आमचे सिंह सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरींचं वाइंडिंगच कच्चं. जरा लोड आला की जळतं." वर्ग हसला. मुलगी तेव्हापासून शाळेत आलेली नाही. विज्ञान सोडते म्हणते. वर्गात पहिली यायची.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, सोमवारी ठरवू, याला ठेवायचं की नाही. "कुठून शिकलास हे?" चिरंजीव बुटांकडे बघत म्हणाले, "व्हिडिओतून."

मग मी छाती पुढे काढली. म्हटलं, मॅडम, हेल्परपासून सुरुवात करून स्वतःचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान काढलंय. स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटारीला, मूठ कानाला – न उघडता सांगतो कुठलं बेअरिंग गेलंय. माझ्या घरात कुणी असलं बोललं असतं, तर मला ऐकू आलं नसतं? तो व्हिडिओच आणून दाखवतो तुम्हाला.

कमाल आहे. आमच्या धंद्यातले शब्दसुद्धा पळवले गॉगलवाल्यानं.

५ फेब्रुवारी

एकूण एक्केचाळीस व्हिडिओ. आज चौदा ऐकले, दुकानातच, काम करता करता. बाई उलट बोलली तर उत्तर द्यायचं नाही, तीन सेकंद तिच्या कपाळाकडे रोखून बघायचं – इति गुरुजी. बायकोवर करून पाहिलं. "चष्मा कुठे ठेवलात?" म्हणाली.

६ फेब्रुवारी

सत्तावीस झाले. थोरली डोकावून गेली. "बाबा, तुम्हीपण बसलात का कोर्सला?"

चिरंजीव दोनदा येऊन म्हणाले, "राहू द्या ना बाबा, नका शोधू." आता लाज वाटतेय लेकाला. चांगलं लक्षण.

७ फेब्रुवारी

अडतीस. तिसाव्यात गुरुजी म्हणतात, खरा पुरुष कुणाचं ऐकत नाही. हा माणूस स्वतःचं तरी ऐकतो का, शंका आहे.

८ फेब्रुवारी, रविवार

संपले. वाक्य एकाही व्हिडिओत नाही. बायको माझ्या समोरच्या टेबलावर मोटारीची तार गुंडाळत होती. दुकानातलं सगळं वाइंडिंग तीच करते. म्हटलं, डिलीट केलं असणार भामट्यानं.

मान वर न करता म्हणाली, "त्याचं नाहीच ते. तुमचं आहे. जळकी मोटार आली की गिऱ्हाईकाला हसवायला म्हणता. मी इथेच असते."

लेक दारात उभा होता.

म्हणजे बुधवारी मुख्याध्यापिकांसमोर त्याला माहीत होतं. त्यानं माझं नाव घेतलं नाही.