जीपची मागची सीट

गुरुवार, संध्याकाळ

जीव थाऱ्यावर नाही. डोंगरदऱ्यांत फिरायला हौसेने घेतलेल्या जीपची मागची सीट श्रीने आज काढून गॅरेजमध्ये ठेवली. म्हणाला, "आई, आता ही सुनीताच्या टिफिन-बिझनेसची गाडी. मागची सीट काढून कमर्शियल रजिस्टर केली की टॅक्स कमी."

हिशेब बरोबर असेल बाई. पण शनिवारी भजनाला मी आणि शेजारच्या नेनेकाकू त्याच सीटवर बसून जातो, त्याचं काय? पुढे श्रीशेजारी एकच जागा. मी बसले तर काकू घरी. आणि अमेरिकेत गाडी नाही म्हणजे पाय नाहीत. बोलावं का? मुला-सुनेच्या संसारात नाक खुपसू नये, हे कळतं. पण दोरी वाचवायला पोहराच विहिरीत घालवायचा?

पुन्हा जाऊन सीट पाहिली. काकूंच्या बाजूला त्यांच्या काठीचा ओरखडा आहे.

एवढ्यात त्यांचाच फोन. "कमल, शनिवारी कधी गं निघायचं?"

"नेहमीच्या वेळेला," म्हणाले मी. तोंडातून निघूनच गेलं!

आता इथे लिहून काही सीट परत बसणार नाही. श्रीला चहा द्यायला जाते, तेव्हाच बोलते.