सावद्याचा ट्रक आणि फिनलंडचा फोन

मुक्काम यावल (सावदा नव्हे, कारण पुढे येईलच)
डिसेंबर १९९९

आदरणीय नथ्थूमामा,

भिकनचा सविनय जयभीम. लीलामामींनाही सांगावा. तुमचा डावा गुडघा कसा आहे? कोर्टाचा जिना चढताना तो वाजतो आणि पक्षकार वळून बघतात असं तुम्ही मागे लिहिलं होतंत. इथे ताईबाईमावशीने निरगुडीचा पाला उकळून शेकायला सांगितलंय. मी खुशाल आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात मी मावशीच्या मागच्या खोलीत ज्वारीच्या कोठीआड बसलोय आणि रस्त्यावर एस.टी.ने हॉर्न दिला तरी मी खाली वाकतो. (मावशीला वाटतं मी परीक्षेला बसलोय. तिला तसंच वाटू द्या.)

मामा, तुम्ही कोर्टातले माणूस, म्हणून पहिल्यापासून सांगतो. सावद्याला आधार शेठच्या गाळ्यात माझा कॉम्प्युटर क्लास आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. संध्याकाळी पोरं घरी गेली की मी घटकाभर मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळतो. हा खेळ फोनच्या तारेवरून परदेशातल्या माणसांशीही खेळता येतो, पण सावद्याची लाईन पहिल्या वळणालाच तुटते, त्यामुळे मी आजवर कोणाशी हरलेलो नाही. तर तिकडचे हौशी लोक काय करतात, नव्या गाड्या आणि नवे रस्ते स्वतः घडवून त्या खेळात घालतात, आणि इतरांनीही वापरावेत म्हणून इंटरनेटवर ठेवून देतात. त्याला मॉड म्हणतात. कंपनीच्या वरणाला आपली घरची फोडणी, असं समजा. मीही एक फोडणी दिली. आधार शेठचा केळीचा ट्रक बनवला.

तो ट्रक तुम्ही पाहिलाय. पुढे लिंबू-मिरची, बाजूला केळीचे घड रंगवलेले, मागच्या फळीवर पानाफुलांच्या वेलात मोठ्या अक्षरात 'सुनंदा' आणि खाली 'आधार शेठ, सावदा' आणि घरचा फोन नंबर. मी फोटो काढून सगळं जसंच्या तसं उतरवलं. फिनलंडचा पेक्का नावाचा एक माणूस अशा मॉडची वेबसाईट चालवतो, त्याला पाठवून दिलं. त्याचा नियम कडक. दुसऱ्याच्या मालकीचं काही घेतलं असेल तर आधी परवानगी घ्या, मगच पाठवा. मी तो नियम वाचला आणि मान डोलावली. चित्र मी काढलं, चाकं मी बसवली, मग दुसऱ्याचं काय? ट्रक तर गावात असला की क्लाससमोरच उभा असतो. समोरच्या निंबाच्या झाडाचं चित्र काढताना आपण झाडाला विचारतो का? (आता वाटतं, विचारलेलं बरं.)

ट्रक चालला, मामा. शर्यतीच्या चपट्या गाड्यांमध्ये आपला केळीचा ट्रक घुसला की लोकांना गंमत वाटायची. आणि दोन महिन्यांत ब्राझीलच्या एका बहाद्दराने तो उचलून, माझं नाव काढून, स्वतःचं नाव घालून पुन्हा तिथेच ठेवला. माझं रक्त खवळलं. मी पेक्काकडे तक्रार केली. ब्राझीलवाला म्हणाला, हा माझ्या काकांचा ट्रक आहे, आमच्याकडे केळीच्या बागा आहेत. (बागा आहेतही म्हणे. खोटं बोलणाऱ्याला केळीनेही साथ द्यावी?) फळीवरची मराठी अक्षरं म्हणजे त्यांच्या भागातली नक्षी आहे, असंही त्याने कळवलं. पेक्काने दोघांनाही उत्तर दिलं की मी खऱ्या मालकालाच विचारतो. मी हसलो. म्हटलं, कुठून विचारणार? फळीवरचा नंबर माझ्या ध्यानातच राहिला नव्हता.

आठवडाभराने आधार शेठ क्लासमध्ये आले. ते कधी येत नाहीत, माणूस पाठवतात. दार लावून घेतलं. त्यांचा चेहरा पिकून काळ्या पडलेल्या केळीसारखा झाला होता. हळू आवाजात म्हणाले, "भिकन, घरी बाहेरदेशातून फोन येऊन राह्यले. इंग्रजी बोलते कोनी. सुनंदा उचलते आन् घाबरून ठेवते. खंडनीवाले दिसतात, दुबईचे."

मामा, त्या दिवसांत पेपरात त्याच बातम्या असायच्या. शेठने दोन दिवस भाकरीला हात लावला नव्हता. अंगणात दोन कुत्री आणून बांधली होती. "तुले इंग्रजी येते. तू घरी बस, त्याले ईचार काय पाहिजे. मंग पोलिसात देऊ."

पोलीस हा शब्द ऐकला आणि मी खिडकीही लावून घेतली. कोण फोन करतंय ते मला त्याच क्षणी कळलं होतं. तेव्हाच सांगितलं असतं तर? पण गाळा त्यांचा, क्लास त्यांच्या गाळ्यात, आणि शेठचा राग कसा असतो तो सगळ्या सावद्याला माहीत आहे. मी म्हटलं, "बसतो शेठ." आणि संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर फोनसमोर जाऊन बसलो. सुनंदाअक्कांनी भरीत-भाकरी वाढली. वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी समोर असून घास गिळवत नाही, अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

फोन वाजला. कुत्री भुंकली. शेठने देवघराकडे बघून हात जोडले. मी रिसीव्हर उचलला तर पेक्काच. आवाज इतका सभ्य की मला रडूही येईना, हसूही येईना. त्याने स्वच्छ विचारलं, ट्रकचे मालक तुम्हीच का, आणि तुमचा ट्रक खेळात वापरायला तुम्ही कोणाला परवानगी दिलीय, सावद्याच्या माणसाला की ब्राझीलच्या?

"किती मांगते?" शेठ कानाशी कुजबुजले.

"काही मागत नाही," मी म्हटलं.

"मंग मारून टाकतो म्हनते का?"

दोन्हीकडे खोटं बोलावं, पेक्काला 'हो, सावद्याच्या माणसाला' म्हणावं आणि शेठला राँग नंबर सांगावं, असं ठरवून मी तोंड उघडलं होतं. पण तेवढ्यात रिसीव्हरमधला आवाज ऐकत उभ्या असलेल्या अक्का पुढे आल्या. म्हणाल्या, "हा ट्रक-ट्रक म्हनून राह्यला. सावदाबी म्हनला. भिकन, खरं सांग." मी त्यांच्याकडे पाहिलं आणि सगळं सांगून टाकलं. पेक्का तिकडे 'हॅलो, हॅलो' करत होता. त्याला म्हटलं, उद्या फोन करा, मालक विचार करताहेत. (विचार करत नव्हते. पायतण शोधत होते.)

पण सापडल्यावर ते पायतण मला मारायला हातात न घेता शेठने पायात घातलं आणि म्हणाले, "दाखव." आम्ही तिघं क्लासवर आलो. मी कॉम्प्युटर लावला. ट्रक धावू लागला तसा शेठचा चेहरा निवळला. घड ओळखले, लिंबू-मिरची ओळखली. मला जरा हुरूप आला आणि तिथेच घात झाला. वळणावर वेग जास्त झाला, ट्रक दोन कोलांट्या खाऊन चारी चाकं वर करून पडला. शेठ ओरडले, "अरे, पुना गाडी घेऊन दिल्लीले गेला! आन् तू इथी ती उलथी करून राह्यला? कोनाले ईचारून उलथी केली?" पुना म्हणजे त्यांचा ड्रायव्हर. मी घाबरून ट्रक सरळ करायला गेलो तर तो कठड्यावर आपटून पेटला.

शेठ माझ्यावर धावले. पण अक्का पडद्याकडेच बघत होत्या. त्या उलट्या फळीवर त्यांचं नाव धुरात दिसत होतं. म्हणाल्या, "माझं नाव त्या देशात फिरून राह्यलं?" मी होय म्हटलं आणि हात जोडले. "तुम्हालाही विचारायला हवं होतं, अक्का. चुकलंच."

"तू तरी म्हनतो चुकलं," अक्का म्हणाल्या. "तो गोरा मानूस तर कोन्या मुलखातून फोन करून ईचारते." आणि शेठकडे वळल्या. "तुम्ही मले कधी ईचारलं होतं का हो? नाव माझं. गावोगावचे हमाल त्याच्यावर पाय देऊन चढतात. परवानगी कोनाची घेतली?"

शेठ गप्प. मी त्यांना गप्प असलेलं पहिल्यांदाच पाहिलं, आणि ते पाहायला मी तिथे नको होतो हे मला लगेच कळलं. बायकोपुढे गप्प झालेला माणूस नंतर बोलतो तो साक्षीदाराशी. अक्कांनी तिथेच सांगितलं, कॉम्प्युटरमधल्या ट्रकावर नाव राहू द्या, मला हरकत नाही. खऱ्या ट्रकावरचं पुसा. सकाळी मी क्लासला गेलो तर माझ्या कुलपावर शेठचं कुलूप. मी तसाच यावलच्या गाडीत चढलो. बाकडी आत, कॉम्प्युटर आत, पोरं बाहेर. क्लास गेला, मामा. नवा गाळा मला कोण देणार? एक सुख म्हणजे पुना दिल्लीहून धडधाकट परतला.

तुम्ही वडीलधारे आहात. धीराचे चार शब्द लिहा, एवढंच मागणं.

तुमचा भाचा,
भिकन तायडे

ता. क. – पत्र पाकिटात घालणार तोच अंगणात जीप थांबली. मी कोठीत उतरलो. आधार शेठच होते. त्यांनी झाकण काढलं आणि मी दिसताच (खरं सांगतो) माझ्याआधी तेच रडवेले झाले. अक्का ऐकत नाहीत. आईच्या नावाचा जुना ट्रक विकला तेव्हापासून हेच नाव शेठला लाभलंय, ते पुसायला रंगारी बोलावला की शेठच्या छातीत धडधडतं. शेवटी अक्का एवढ्यावर आल्यात की नाव राहील, पण मला रीतसर विचारा, लेखी विचारा, हमालांनी पाय द्यायचा नाही हे त्यात घाला, आणि मला वाटेल तेव्हा मी नाव काढून घेईन हेही घाला. असा कागद सावद्यात कोणाकडून लिहवून घ्यायची शेठला लाज वाटते. तो तुम्ही धुळ्याहून स्टॅम्पपेपरवर करून द्यावा. तो आला की माझं कुलूप निघेल. हीच खरी विनंती. गुडघ्याचं मनापासूनच विचारलं होतं, गैरसमज नसावा.

ता. क. २ – शेठ मला जीपने घरी घेऊन गेले, तिथे पेक्काचा फोन आला आणि शेठ-अक्कांचा होकार ऐकून त्याने ब्राझीलवाल्याला हाकलून दिलं. मला मात्र यापुढे प्रत्येक गोष्टीची परवानगी दाखवायला सांगितलीय, जुन्या कामांचीसुद्धा. त्यावरून आठवलं. गेल्या उन्हाळ्यात मी धुळ्याच्या आग्रा रोडचा एक छोटा मॉड केला होता. त्यात तुमची स्कूटर आहे. स्कूटरवर तुम्हीही आहात. मागे मामी आहेत. आजवर तुम्हाला जर्मनीत सगळ्यात जास्त लोकांनी ठोकलंय, पण त्याने कोणाचं काही बिघडत नाही. मामींना एवढ्यात सांगू नका. आणि मी पेक्काला तुमच्या ऑफिसचा नंबर दिलाय. साहेबांनी फोन उचलायच्या आत तुम्ही उचला, आणि तो काहीही म्हणाला तरी फक्त 'यस' म्हणा.