दोन फ्यूज तुझ्या खिशात

गुरुवार, २० नोव्हेंबर

धाकट्या,

मंगळवार, १८ नोव्हेंबर, दुपारी तीन वाजून वीस मिनिटं. तक्रारीत आधी वेळ लिहायची आणि मग रडायचं, हे आम्हाला कॉन्व्हेंटात सिस्टरांनी शिकवलं. आशीर्वाद आहेतच, ते कुठे जात नाहीत. तुझ्या बायकोचा गुडघा बरा असेल.

मी दाताच्या डॉक्टरकडून बधिर जबडा घेऊन परतले, तर मागच्या खोलीत तू भिंतीपाशी उकिडवा बसलेला. किल्ली तुला अडीअडचणीसाठी दिली होती. माझ्या भट्टीचा तीन फेजचा जाडजूड सॉकेट जमिनीवर, आणि त्याच्या जागी साधा, स्वयंपाकघरात असतो तसला.

"हे काय?"

"काही नाही ताई. आता इथे तुझी इस्त्री चालेल."

"मातीचे कप काय इस्त्रीनं भाजू?"

"चहा टाकतेस का?"

आणि मी टाकला. त्याचाच राग जास्त आहे.

चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या फायली सांभाळल्या. निवृत्त झाल्यापासूनची अकरा वर्षं भट्टीत कप आणि वाडगे भाजते आहे. एवढं एक काम माझं स्वतःचं.

काल तुझं काम तपासलं. मेन बंद केला, टेस्टर लावून खात्री केली, मगच सॉकेट उघडला. वायरमन बाबा फक्त तुझेच नव्हते. खोट काढायची होती, पण सापडली नाही. एक फेज, न्यूट्रल, अर्थिंग जागच्या जागी. बोर्डातल्या तीन फ्यूजपैकी दोन काढलेले, आणि तिसऱ्यात साध्या सॉकेटला पेलेल एवढीच बारीक तार. उरलेल्या दोन वायरींची टोकं वेगवेगळी झाकून, टेप गुंडाळून मागे वळवलेली. पण त्या तू छाटल्या नाहीस. वीतभर लांब ठेवल्यास आणि टेपवर तुझ्या त्या गिचमिड अक्षरात लिहिलंस, 'भट्टीच्या. कापू नये.'

मी स्टुलावर बसले.

ते दोन फ्यूज घरभर शोधले. मग बाबा आठवले. वायरला हात लावण्याआधी फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकायचे, म्हणजे काम संपेपर्यंत कुणी चुकून चालू करायला नको. तेव्हा फ्यूज तुझ्या खिशात आहेत, आणि तुझ्या लेखी हे काम अजून संपलेलं नाही.

आता कॅलेंडर. सॉकेटच्या वर मी लावलेलं. तू ते काढलंस आणि परत लावलंस, माझ्यापेक्षा सरळ. म्हणजे मागचा काळा डाग तू पाहिलास. विचारलं मात्र नाहीस. विचारलं असतंस तर सॉकेट जुना झाला होता असं ठणकावून सांगितलं असतं, आणि ते अर्धं खरंही आहे. उरलेलं अर्धं असं, की नऊ ऑक्टोबरला भट्टी आठ तासांऐवजी एकोणीस तास चालू राहिली. बंद करायची राहिली असं नाही. लावल्याचंच आठवत नव्हतं. आत एकही कप नव्हता.

तेव्हापासून दिवसातून दहादा मागच्या खोलीत जाऊन बटण बघते. हे लिहिताना दोनदा उठले. आता तिथे भट्टी लागतच नाही, तरी उठले.

लेक रविवारी येते आहे. तिनं फोनवर बजावून ठेवलंय, "आई, आणखी एक काही झालं ना, तर तुझं सामान बांधून सोबत घेऊनच जाईन." तू तिला डागाचं सांगितलेलं नाहीस, हे तिच्या आवाजावरून कळलं. उपकार मानत नाही. पण तू गप्प बसायचं आणि मी कॅलेंडर लावायचं, हे काही फार दिवस चालणार नाही.

हे पत्र तुझ्या दुकानाच्या शटरखालून सरकवते आहे. लेखी उत्तर दे. ठरल्या वेळी आपोआप बंद होईल असा टाइमर बसवून भट्टी पुन्हा जोडून देशील का? आणि मी ती लावेन तेव्हा दर वेळी येऊन समोर बसशील का? नाही म्हणायचं असेल तर तसं स्पष्ट लिही. मग त्या दोन वायरी माझ्यासमोर काप. लेकीला मी स्वतः सांगेन, दुसऱ्या कुणाकडून तिला कळायला नको.

फोन करू नकोस, फोनवर तू पुन्हा चहाचं काढशील. शनिवार, २२ नोव्हेंबर, संध्याकाळी पाचच्या आत, तुझ्या अक्षरात, सहीसकट. तोवर फ्यूज खिशातून काढू नकोस.

तुझी,
अजून तरी याच पत्त्यावरची,
ताई