नववीत बसायला कुणीतरी हवं

बाई, आपल्या शाळेच्या पाटीवरचे 'इंग्लिश स्कूल' हे शब्द मी इथे जर्मनीत, लुडविग्सहाफेनमधल्या एका चर्चच्या हॉलच्या दारावर लावलेत. त्या हॉलमध्ये दर शनिवारी मी इथल्या आपल्या मुलांना मराठी शिकवते. मध्यंतरी दोन जर्मन आया मुलांना घेऊन इंग्रजीच्या शिकवणीची चौकशी करायला आल्या. मी त्यांना समजावलं, आमच्या गावात सातवीच्या पुढची शाळा म्हणजे इंग्लिश स्कूल, मग आत सगळं मराठीतून का चालेना. त्या 'आख् सो', म्हणजे 'असं होय', म्हणाल्या आणि निघून गेल्या. पालक मला म्हणतात, नाव बदला. मी बदलणार नाही.

तुमची शाळा सोसायटीच्या खताच्या गोदामात सुरू झाली. एका बाजूला युरियाची पोती, दुसऱ्या बाजूला आमची आठवी, आणि मधे तुम्ही, नाकाला पदर लावून व्याकरण शिकवताय. आज मी इथे रसायनांच्या कारखान्यात काम करते आणि अमोनियाचा जरा वास आला की मला कर्मणी प्रयोग आठवतो. दर वर्षी एकेक वरचा वर्ग काढायचा, याला सरकारी भाषेत 'नैसर्गिक वाढ' म्हणतात. नैसर्गिक कसली डोंबलाची! आठवी संपली की मुलं शेतावर जायची आणि मुली घरी बसायच्या. तुम्ही भर उन्हात घरोघर फिरायचात. माझे वडील शाळा सोडल्याचा दाखला मागायला आले, कारण माझ्यासाठी स्थळं बघायची होती. मी त्यांच्यामागे उभी आहे आणि तुम्ही हातावरचा खडू झटकताय. वडिलांना वाटलं, आता मुलींच्या शिक्षणावर भाषण ऐकावं लागणार. तुम्ही एवढंच म्हणालात, "नववी काढली आहे. तिच्यात बसायला कुणीतरी हवं की नको?" दाखला न घेताच ते परत फिरले आणि वाटेत मला म्हणाले, या बाईंपुढे कुणाचं काही चालायचं नाही. आता शाळा बारावीपर्यंत आहे, दुमजली आहे, आणि गोदामाच्या जागी प्रयोगशाळा झाली आहे असं ऐकते.

इथे लहानांचा वर्ग बरा चालतो, पण मुलं जरा मोठी झाली की फुटबॉल आणि मैत्रिणींपुढे मराठी मागे पडतं. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी पालकांची बैठक झाली, तेव्हा मोठ्यांचा वर्ग काढूच नये असं सगळ्यांचं मत पडलं. एक बाबा म्हणाले, "आल्झो, हे बघा, जरा प्रॅक्टिकल होऊ या ना. तुमची स्वतःची मुलगी तरी येणार आहे का?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या मुलीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर ती जर्मनमध्येच देते, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. मला राग आला, आणि खरं तर भीतीही वाटली, कारण तिच्या तोंडचं मराठी गेलं की आमच्या घरात ते माझ्यापाशीच संपणार. मी सांगून टाकलं की सुट्टीनंतर वरचा वर्ग सुरू होईल आणि त्याला नववी म्हणायचं.

घरी आल्यावर लेकीला सांगितलं. ती काकडी चिरत होती. "मुस इश?" म्हणाली, म्हणजे यायलाच हवं का. आजी, आजोबा, संस्कार, सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि तिला तुमचं वाक्य सांगितलं. तिने सगळी काकडी चिरून संपवली. मग जर्मनमध्येच विचारलं, वर्गात तुला आई म्हणायचं का. मी म्हटलं, नाही, बाई म्हणायचं.

हे पत्र मी टाकणार नाही. तुमचा असा पत्ता आता उरला नाही, आणि शाळेच्या पत्त्यावर पाठवलं तर आताचे मुख्याध्यापक ते स्मरणिकेत छापून मोकळे होतील. पण एक सांगते. काल नववी भरली. बसायला माझी लेक एकटीच होती. तिने "बाई" म्हणून हाक मारली, मग पुन्हा मारली, आणि मी दाराकडे बघत राहिले. मला वाटलं, ओ तुम्ही द्याल.