घशातलं पाठांतर

नाना, आधी तक्रार नोंदवतो. जयपुरात आमटीत गूळ घातला की माणूस आजारी समजला जातो. शेजारच्या रेल्वेवाल्या भाभीजींनी वाटी हुंगून विचारलं, "दाल मीठी? भाईसाब, तबीयत तो ठीक है?" तुमच्या सोवळ्याला कोणी हसलं नव्हतं, तुमच्या आमटीची मात्र इथे रोज शोभा होते.

मी काय काम करतो ते तुम्हाला कधी नीट सांगता आलं नाही. "जंतू पाळतो," असं तुम्ही लोकांना सांगायचात, तेही आवाज खाली करून. मुलांच्या घशातले स्ट्रेप्टोकॉकस जंतू मी रक्त मिसळलेल्या तबकडीवर वाढवतो, वर औषधांच्या कागदी टिकल्या ठेवतो आणि कोणता जंतू कोणाला जुमानत नाही ते बघतो. इथल्या झोटवाडा भागाकडून येणाऱ्या नमुन्यांत एक जोडी पुन्हा पुन्हा दिसते: टेट्रासायक्लिन आणि एरिथ्रोमायसिन, या दोन्ही औषधांना एकदम नकार. म्हणजे त्या नकाराचे जीन बहुधा हातात हात घालून एका जंतूतून दुसऱ्यात जातात. यावरून जुनं आठवतं: मी लहान आहे, तुम्ही चुलीपाशी दूध तापवताय, आणि सूक्त म्हणताना माझ्या तोंडून पलीकडच्या यजुर्वेद्यांचा स्वर निघतो. दूध उतू जातं, पण तुम्ही आधी माझा कान धरता. "दुसऱ्या शाखेचं इथे मिसळायचं नाही!" हे जंतू तुमच्या वेदपाठशाळेत एक दिवस टिकले नसते. ते परक्याकडून शिकतात, मुंजीवाचून, आणि शिकलेलं पोराबाळांना देऊन जातात.

तुमच्या नातीची, माझ्या लेकीची, हृदयाची झडप सांधेतापात दुखावली. तो ताप घशातल्या याच जंतूंमुळे येतो, म्हणून घसा पुन्हा बिघडू देणं परवडणारं नाही. पेनिसिलिनने तिचा श्वास कोंडला होता, म्हणून एरिथ्रोमायसिन चालू होतं. तरी घसा लाल झाला. आज तिची तबकडी मीच उघडली. जंतू एरिथ्रोमायसिनच्या टिकलीला अगदी चिकटून वाढलेत, म्हणजे हेही औषध निकामी.

वॉर्डातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दूसरी दवा है सर, पर पेनिसिलिन की ही बिरादरी की. पहली खुराक यहीं देंगे, मैं पास बैठूँगी."

"बाबा, मतलब परत सुई?" पोरीने विचारलं.

"नाही गं, कॅप्सूल."

"मग तुम्ही असं तोंड का केलंय?"

मी काहीतरी थट्टा केली. तुम्ही आता नाही, त्यामुळे हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही. उद्या सकाळी ती कॅप्सूल गिळेल आणि मी तिच्या श्वासाकडे बघत बसेन. त्या औषधाबद्दल जे ठाऊक असायला हवं ते सगळं मला ठाऊक आहे, नाना, आणि तरी मला फार भीती वाटते आहे.