इंदूबाईच्या नवऱ्याचं नाव

१४ नोव्हेंबर १९९५

मतदार यादीचं काम लागलं. सकाळी शाळा, दुपारपासून दारोदार. चौथीला शुद्धलेखन देऊन निघतो. आधी देशाची लोकशाही, मग चौथी.

आज खालची गल्ली. पुरुष कामावर, घरी फक्त बायका, आणि बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. म्हणजे कोडी सोडवत हिंडायचं. एकीने अंगणातल्या पाट्यावर बोट ठेवलं. दगडू. दुसरी म्हणाली, "डोंगर उचलस, शेपूटवाला." मारुती. दुसरा मास्तर तासभर अडला असता, मी दोन मिनिटांत घर उरकतो. शेवटचं घर सोनवण्यांचं. नवरा ट्रक ड्रायव्हर, इंदूरकडे गेलेला. बायको इंदूबाई. नवऱ्याचं नाव? "सकायले उगस, संध्याकायले बुडस." तेवढ्यात चुलीवर दूध उतू चाललं म्हणून आत पळाली. दिनकर. लिहून निघालो. पाचला घरी.

सौ.ला सगळं रंगवून सांगितलं. म्हणाली, "त्या लाजतात, आणि तुम्ही शहाणपण मिरवता."

५ ऑगस्ट १९९७

ग्रा.पं. निवडणूक जाहीर. सरपंचपद बाईसाठी राखीव, आमच्या वॉर्डातली जागाही बाईचीच. गावात आठवडाभर सुतक. आबा तीनदा सरपंच, आता कसं व्हायचं? आज पारावर आबांनीच खुलासा केला : "आरक्षण बाईले शे, खुर्चीले नई." म्हणजे अक्का उभ्या राहणार. अक्का म्हणजे आबांची बायको. भरीत फक्कड करतात. ग्रा.पं.ची इमारत आतून पाहिलेली नाही.

चौथीचा नागरिकशास्त्राचा धडा : स्थानिक स्वराज्य. एका मुलीने विचारलं, स्वराज्य आहे तर सरपंच बदलत का नाही? गृहपाठ दिला.

१९ ऑगस्ट

इंदूबाई सोनवणे शाळेत आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, मले फारम भरना शे. भरी देतस का?" मला वाटलं रेशनचा. निवडणुकीचा.

कारण विचारलं. पाइपलाइन वरच्या गल्लीत आबांच्या गोठ्यापर्यंत आली आणि तिथे थांबली. म्हशींना नळ आहे, खालच्या गल्लीला नाही. बायका हांडे घेऊन नदीत खणलेल्या झिऱ्यावर जातात. सरपंच नाही झाल्या तरी सदस्य म्हणून मीटिंगला बसतील, नळाचा ठराव मांडतील. एवढंच म्हणणं. "अर्ज दी दी थकनू. आते मीच आत बसस."

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. वीस वर्षं ना.शा. शिकवतोय. फळ्यावरचं माणूस आज पहिल्यांदा वर्गात आलं.

२० ऑगस्ट

सोनवण्यांच्या घरी फॉर्म भरायला बसलो. यादीतला क्रमांक लागतो म्हणून यादी काढली. इंदूबाई दिनकर सोनवणे. अक्षर माझंच. रेशन कार्ड पाहिलं : भास्कर.

सूर्याला मराठीत डझनभर नावं. मीच पाठ करून घेतो. त्यातलं एक उचललं आणि पुन्हा विचारलंसुद्धा नाही.

नवरा घरी होता. त्याला माहीत होतं! मागच्या मतदानाला दिनकर म्हणून शाई लावून आला. "मत तं पडनं ना गुरुजी," म्हणाला. ह्याला म्हणायचं समाधानी नागरिक.

आता यादी दुरुस्त होत नाही, मुदत संपली. फॉर्मवर खरं तेच लिहिलं, भास्कर. चूक माझी आहे हे इंदूबाईंना सांगितलं नाही. "छाननीत एवढं कोण बघतं," एवढंच म्हणालो.

२२ ऑगस्ट

आबा बघतात.

मधल्या सुट्टीत शाळेत आले. शिक्षण समितीचे अध्यक्ष, केव्हाही येऊ शकतात. तांदळाचं पोतं उघडून पाहिलं, मुलांना गोळ्या वाटल्या. मग मला बाजूला घेऊन यादीचं पान दाखवलं, नावाखाली लाल रेघ. मला वाटलं रागावतील. उलट हसले. "तुम्हनी चूक नई, गुरुजी. सूर्यानी शे. त्यानं एकच नाव ठेवनं व्हतं." जाताना म्हणाले, "छाननीले धुळाले येऊ नका. शाया सोडीसन कोठे हिंडतस? आन तसंबी, धडगावले हवा चांगली शे म्हंतस."

धडगाव म्हणजे जिल्ह्याचं टोक. जि.प. तिथे मास्तर पाठवते ते काही हवा खायला नाही.

सौ.ला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. "मग जाणार का धुळ्याला?" म्हटलं, बघू. "बघू म्हणजे नाही," म्हणाली. बरोबर ओळखते मला. राग आला तो त्याचाच.

२६ ऑगस्ट

गेलो. किरकोळ रजा टाकली, कारण लिहिलं : दातदुखी. सकाळची एस.टी., धुळ्याला तहसील कचेरी. खोलीत दाटी. निवडणूक अधिकारी साताऱ्याकडचे, नवीन, घामाघूम. अक्कांचा फॉर्म मंजूर, आबा बाजूलाच बसलेले, सही कुठे करायची ते बोटाने दाखवत.

मग इंदूबाई. आबांच्या माणसाची हरकत : यादीतली बाई दिनकरची, फॉर्मवरची भास्करची, म्हणजे बाई दुसरी. साहेबांनी विचारलं, "बाई, नवऱ्याचं नाव सांगा."

इंदूबाईंनी दाराकडे पाहिलं.

"नाव सांगा, म्हणजे मिटलं."

"सकायले उगस साहेब, संध्याकायले बुडस."

साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं. "काय म्हणतायत?" खोली हसायला लागली. आबाही. मी हसलो नाही, पण ह्याचं बक्षीस कुणी देणार नाही.

साहेब पुन्हा म्हणाले, नाव नाही सांगितलं तर फॉर्म बाद. इंदूबाईंनी पदर कपाळावर ओढला, खाली पाहिलं, आणि स्पष्ट म्हणाल्या, "भास्कर. भास्कर सोनवणे." नवरा दारात उभा होता. चौदा वर्षांच्या संसारात बाईने पहिल्यांदा त्याचं नाव घेतलं आणि ते सरकारी कचेरीत, वीस परक्या पुरुषांपुढे. तो भिंतीकडे बघत राहिला. खोलीतलं हसू थांबलं.

साहेब म्हणाले, "तोंडी चालत नाही. यादी कुणी केली? तो कर्मचारी लेखी देईल का, की चूक त्याची आहे? हजर आहेत का?"

कारकून म्हणाला, कुणीतरी मास्तर होते. आबांनी मान वळवून थेट माझ्याकडे पाहिलं. मी वर पंखा बघत होतो. तीन पाती, एक वाकलेलं.

साहेबांनी दहा मिनिटं थांबून फॉर्म बाद केला.

परतीच्या गाडीत इंदूबाई पुढच्या बाकावर. सोनगीर गेल्यावर मागे वळल्या. "गुरुजी, यादीले तुम्हीच उनथात ना आम्हना घर?" हो म्हणालो. पुन्हा पुढे तोंड करून बसल्या. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२७ ऑगस्ट

दात खरंच दुखतोय.

१ सप्टेंबर

अक्का बिनविरोध. आबांची मिरवणूक, गुलाल, ट्रॅक्टर. अक्का घरीच होत्या, जेवणावळीचा स्वयंपाक कोण करणार. बॅनरवर आबांचा हात जोडलेला फोटो, खाली बारीक अक्षरात "सौ.". बिनविरोध म्हणजे गावाची एकी, असं भाषणात तालुक्याचे पुढारी म्हणाले. पाहुण्यांचं स्वागतगीत माझ्या चौथीने म्हटलं. पेटी मी वाजवली.

लिहायला लाज वाटते, पण लिहितो. पेटी चांगली वाजली.

९ सप्टेंबर

इंदूबाई कोर्टात जाणार. धुळ्याच्या एका तरुण वकिलाने केस घेतली. आज संध्याकाळी भास्कर घरी आला, हातात टोपी. शपथपत्र पाहिजे माझं. तो म्हणाला, "तिनं तुम्हले इचारू नको सांगं. मीच उनू." म्हणजे बाईने माझ्यावरची आशा सोडली होती, नवऱ्याने नाही.

विचार करून सांगतो म्हणालो. तो गेल्यावर सौ. ताट वाढता वाढता म्हणाली, "मुलांना खरं बोला शिकवता ते पगारापुरतं का?"

जळगावच्या मेहुण्याला पत्र टाकलं. तो जि.प.त आहे, बदलीचं काय होऊ शकतं ते त्याला कळेल.

१५ सप्टेंबर

मेहुण्याचं उत्तर, एका ओळीत : "भावजी, तोंड बंद ठेवा, दिवाळीला या."

१६ सप्टेंबर

गेलो धुळ्याला. या खेपेला रजेचं कारण लिहिलं : कोर्टाचं काम. मुख्याध्यापकांनी दोनदा वाचलं आणि सही केली.

वकील पोरसवदा, पण कामाचा. माझं म्हणणं टाइप करून वाचून दाखवलं : "मी सदर महिलेस नाव विचारले, तिने सूचक उत्तर दिले, मी खात्री न करता अंदाजाने नाव लिहिले." ऐकताना कान गरम झाले. सूचक काढा म्हटलं, तिने बरोबर सांगितलं होतं. त्याने काढलं. मग छाननीचा मुद्दा. "तुम्ही त्या दिवशी हजर होतात?" होतो. "बोलला का नाहीत?" लिहा म्हटलं, भ्यालो म्हणून. तो म्हणाला, असं शपथपत्रात लिहीत नाहीत. शेवटी "काही कारणास्तव" असं पडलं.

त्याने विचारलं, त्या वेळचा काही लेखी पुरावा? ही वही आठवली. पण हिच्यात आबा आहेत, साहेब आहेत, सौ.च्या वांग्याच्या भाजीबद्दलही एका पानावर आहे. शपथपत्रावर भागवलं.

सही केली.

४ ऑक्टोबर

ग्रा.पं.ची पहिली मीटिंग. कुणी पाहिलं ते सांगत होतं : आबा खुर्चीत, अक्का मागच्या सतरंजीवर. ठराव क्र. १ अभिनंदनाचा, क्र. २ आबांच्या मळ्याकडच्या रस्त्याचा. खालच्या गल्लीचा विषय नव्हता. ठरावाचं पुस्तक नंतर सहीला अक्कांच्या घरी नेलं. अक्का पापड लाटत होत्या, सहीवर पिठाचं बोट उमटलं.

आबा वाटेत भेटले. शपथपत्राचं त्यांना कळलंय. नेहमीसारखे गोड. "गुरुजी, तब्येत सांभाया." तेवढंच.

१० नोव्हेंबर

सकाळी शाळेत बदलीचा हुकूम आला. धडगाव तालुका. प्रशासकीय कारण. मु.अ.नी पाकीट दोन बोटांत धरून दिलं. पंधरा दिवसांत हजर व्हायचं. आधी सौ.चा विचार आला, मग थंडीच्या गोधड्यांचा.

पाकीट खिशात घालून धुळ्याची गाडी पकडली. आज पहिली तारीख होती. इंदूबाई, भास्कर, वकील, मी. आबांचे वकील आले नाहीत, त्यांनी मुदत मागितली होती, ती मिळाली. पाच मिनिटांत आम्ही बाहेर. पुढची तारीख फेब्रुवारी.

इंदूबाईंनी वकिलाला विचारलं, निकाल कधी? तो म्हणाला, "पाच वर्षांची टर्म आहे ना, त्याच्या आत लागायला हवा."

"मंग तवपर्यंत पानी?"

वकिलाने माझ्याकडे पाहिलं. मी यावेळी पंखा शोधला नाही.

स्टँडवर गाडीची वाट पाहत होतो. भास्कर केळी आणायला गेला. इंदूबाई म्हणाल्या, "गुरुजी, नवी यादी व्हई ना परत?"

होते, म्हटलं, दरवर्षी थोडी दुरुस्ती होते.

"मंग तुम्हीच या. तुम्हले आते ठाऊक शे."

राग नव्हता आवाजात. कोर्टाचं काहीही होवो, पुढच्या निवडणुकीला बाई उभी राहणार आहे. यादी नीट हवी, तेवढंच तिचं म्हणणं. आणि ज्याने ती बिघडवली त्यालाच ती बोलावत होती.

मी येतो म्हणालो. बदलीचा हुकूम खिशातच होता.