विमानाचा वळसा

३ मार्च
लेकीला मेच्या पहिल्या आठवड्यात बाळ होणार. आम्ही दोघांनी तिकडे परदेशी जायचं, हे पक्कं. बायकोने लोकर आणली, मी जगाचा नकाशा. मोजणी खात्यात एकतीस वर्षं काढली ती काही झोपा काढून नव्हे.

६ मार्च, सकाळी ११
नकाशा भिंतीवर. पट्टीने सरळ अंतर १३,१०० किलोमीटर. विमान कंपनीच्या माहितीपत्रकातल्या नकाशावर विमान मात्र उत्तरेकडून भला मोठा वळसा घालतं. तो मोजला : १४,७००. आणि खाली छापलंय काय, तर ११,२०० किलोमीटर, चौदा तास. म्हणजे वळसा घेतात तो घेतात, वर आकडाही चोरतात. पत्र टाकलं, नकाशासकट. उत्तर येईपर्यंत तिकीट नाही.

२ एप्रिल
उत्तर नाही. बोलती बंद झालेली दिसते. मेहुणा आला. म्हणाला, भाऊजी, विमान कुठूनही जाऊ दे, तुम्हाला काय ढकलायचंय? म्हटलं, प्रश्न तत्त्वाचा आहे. तर म्हणे, पोरीच्या तिकडच्या पदवीदानाला जायला काय आडवं आलं होतं? तेव्हा गुडघा होता. तो विषय काढायची गरज नव्हती.

९ एप्रिल
बायकोने माळ्यावरून लेकीचा शाळेतला पृथ्वीगोल काढला. दोन्ही गावांमध्ये लोकरीचा धागा ताणून धरला. धागा बरोबर कंपनीच्या वाटेने गेला. तिला समजावलं, लोकर ताणली जाते, मोजणीला पोलादी टेप लागते. टेप गोलावर बसेना. गोल हलक्या प्रतीचा आहे.

१७ एप्रिल
मेहुण्याने परस्पर दोन तिकिटं काढली. २६ची, दुपारची. ठीक आहे. जाणार म्हणजे जाणार. खिडकीत बसून वळशाचा पुरावाच गोळा करतो. होकायंत्र घेतलं. रोज सकाळी खुर्चीत डोळे मिटून दहा मिनिटं बसण्याचा सराव सुरू.

१८ एप्रिल
सराव बंद. खुर्ची डुगडुगते.

२६ एप्रिल, संध्याकाळी ५
गेटपर्यंत मीच पुढे होतो. तिथे एसी एवढा की पाय गार पडले. शर्ट मात्र घामाने भिजला. वैमानिकाला मार्ग विचारायचा होता. कर्मचारी मुलगी म्हणाली, काका, बसून घ्या. असल्या लोकांबरोबर चौदा तास काढायचे? बायकोला म्हटलं, तू हो पुढे, कंपनीचं उत्तर आलं की निघतोच. तिने पर्समधून घराची किल्ली आणि माझ्या बीपीच्या गोळ्या काढून हातात दिल्या. घरी आलो तर फ्रीजरमध्ये भाजीचे डबे, तारखा लिहून, थेट ५ मेपर्यंत. योगायोग असावा.

२९ एप्रिल
कंपनीचं पत्र आलं. पृथ्वी गोल आहे, कळावे. सही वाचता येत नाही. असलं उत्तर ग्राह्य धरता येणार नाही.

५ मे, सकाळी ८
नात झाली. फोनवर रडणं ऐकलं, खणखणीत आहे. अंतराचा आकडा समोर लिहून ठेवला होता, पण लेकीने विचारला नाही. म्हणाली, बाबा, राहू द्या, ही सहा महिन्यांची झाली की आम्हीच येतो. मी म्हटलं, एवढ्याशा पोरीला विमानात भीती नाही का वाटणार? ती म्हणाली, मी धरून बसेन ना तिला. तुम्हालाही आई धरून बसली असती.

विमान नाकासमोर सरळ गेलं असतं तरी मी गेलो नसतो.

आजच्या तारखेचा डबा बाहेर काढून ठेवला. शेवटचा होता.